वाडगे मोजणारा खांब

प्रिय नगीना,

तोलिबची बायको उद्या रशियात, तुमच्या समाराला परत निघाली आहे. तिच्या पिशवीत, सुक्या जर्दाळूंच्या खाली हे पत्र घालून देते आहे. हल्ली फोनवर मी फक्त हवापाण्याचं बोलते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू बाळाला घेऊन नवरोजला येणार, तिकीटही काढलंस, हे ऐकल्यापासून मला धड झोप नाही. आनंद तर झालाच, पण झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने.

आपल्या दारासमोरची तुती तोडून तिथे खांब उभा केलाय आणि वर कॅमेरा बसवलाय. चोर पकडायला, म्हणे. आपल्या गल्लीत चोरायला आहे काय, हिकोयत मावशीची कोंबडी? चोर काही सापडला नाही, तेव्हा खांबाला दुसरं काम लावलं. मावशीने सवयीप्रमाणे सकाळी दारात पाणी शिंपडून झाडलं, तर रस्त्यावर चिखल केला म्हणून दंड. हमरो सुताराने पोराच्या वाढदिवसाला मित्रांना चहाखान्यात केक खाऊ घातला, तर पोलिसांनी त्याचा फोन काढून घेतला, आतले फोटो पाहिले आणि त्यालाही दंड. मेजवान्यांच्या कायद्यात वाढदिवस घरच्यांपुरताच, लग्नाची माणसं मोजून, मयताचीही मोजून. आधी आम्ही हसायचो. मावशी तर येता-जाता मान वर करून खांबाला विचारायची, जेवलास का रे बाबा.

तुझ्या बाबांचं पोटाचं ऑपरेशन नीट झालं, असं तुला सांगितलं होतं. ते खरंच नीट झालं. पुढचं सांगितलं नाही. ते घरी आले त्या दुपारी गल्लीतल्या बायका रीतीप्रमाणे वाडगे घेऊन आल्या. कुणी मटणाचा गरम शुर्बो आणला, कुणी मऊ भात, मावशीने ताकातली पातळ पेज. आणि मी कुणाचा वाडगा रिकामा परत पाठवणार आहे का? जर्दाळू, अक्रोड, तंदूरमधली रोटी, हाताला लागेल ते घालत गेले. म्हणजे प्रत्येक बाई भरला वाडगा घेऊन आत आणि भरला वाडगा घेऊन बाहेर. कॅमेऱ्याला डोळा आहे, नाक नाही. ते आजाऱ्याचं सूप आहे, हे त्याला कुठून कळणार?

संध्याकाळी आपल्या मोहल्ल्याचा नवा इन्स्पेक्टर दोन माणसं घेऊन दारात हजर. आजारातून उठल्याची मेजवानी घातलीत, तीही कायद्याने बंद, असा आरोप. मी इस्पितळाचा कागद आणायला आत वळले. तो दाखवला असता तर कदाचित तिथेच मिटलं असतं. पण तुझे बाबा गादीवरून उठले, पोट हाताने दाबून धरत दारापर्यंत गेले आणि दारात दिसेल त्याला जन्मभर जे म्हणत आले, तेच म्हणाले.

"या, या. उभे का? बसा, दोन घास खाऊन जा."

"म्हणजे जेवण चालू आहे तर," इन्स्पेक्टर म्हणाला आणि त्याने ते लिहून घेतलं.

बाबांना वाटलं, पाहुणा मान ठेवतोय. मला म्हणाले, चहा ओत.

आठवडाभर कोठडीत होते, नगीना. टाके चिघळले. आता भरत आलेत, त्याची काळजी नको. पण सोडताना सही घेतली आहे, की पुन्हा या घराचं नाव आलं तर कोठडीवर भागणार नाही, तुरुंग. घरी आले ते दुसरेच कुणी. भर दिवसा फाटकाला कडी लावतात. कुणी कडी वाजवली की भिंतीला टेकून उभे राहतात, श्वाससुद्धा घेत नाहीत. परवा मावशी वाडगा घेऊन आली, तर आतूनच म्हणाले, घरी कुणी नाही. आवाज त्यांचाच, आणि म्हणे घरी कुणी नाही. मावशी वाडगा तसाच परत घेऊन गेली. मला त्या इन्स्पेक्टरचा इतका संताप येतो, की पीठ मळता मळता मी त्याला शिव्या घालते. त्याने हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. त्याचाच जास्त संताप येतो.

आता मुद्द्याचं लिहिते, मघापासून टाळते आहे. चार वर्षांनी लेक येणार, तीही पहिलं नातवंड कडेवर घेऊन. गल्ली घरात बसेल का? मावशी सगळ्यांत आधी धावेल, मग बाकीच्या, आणि एकही हात हलवत येणार नाही. माझ्या नातवाला बघायला येऊ नका, असं मी कुणाच्या तोंडावर सांगू? सांगितलं तरी येतील. मीही गेलेच असते. खांब मोजत राहील आणि या वेळी ते बाबांना घेऊन जातील. काल त्यांनीच मला सांगितलं, तिला लिही, यंदा नको. एवढं बोलले आणि रात्री जेवले नाहीत. तेव्हा तिकीट परत कर, पोरी. येऊ नकोस. बाळ फोनवर दाखवत जा, आम्ही दोघं बघू. बाबा तुला 'ये' म्हणणार नाहीत, तेवढं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझीच,
आई