वर झालेले हात

दादा,

'प्रिय' लिहायला मन धजत नाही.

रविवारी उपासनेनंतर पाळकांनी विचारलं, "घटस्फोट घेतलेल्या बाईने गायकवृंदात गाऊ नये, असं कोणाला वाटतं?" ती बाई म्हणजे आपली ताई. तू आधी आजूबाजूला पाहिलंस, मग हात वर केलास आणि मला कोपर मारलंस. "कर ना वर! चारचौघांत शोभा नको."

नवरा ताईला मारायचा, हे तुला ठाऊक होतं. पन्नाशी गाठलीस, तरी चारचौघांनाच भितोस? आपला प्रभू दगड उचललेल्यांच्या बाजूने कधी उभा राहिला रे?

मी उठून ताईशेजारी बसले. शेवटचं गीत आम्ही दोघींनीच मोठ्याने गायलं.

हे पत्र पाठवत नाही. वाचून काय वाटायला हवं, तेही तू पाळकांनाच विचारशील.

तुझी नव्हे, ताईची,
धाकटी