अट क्रमांक चौदा

३ मार्च
इंटरनेट कंपनीचं पत्र. पुढच्या महिन्यापासून दर वाढणार. करार दोन वर्षांचा, आत्ता कुठे आठ महिने झालेत — आणि वाढ! 'आपणांस अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून' म्हणे. तळपायाची आग मस्तकात गेली. बत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढली, तराजूला बोट लावणाऱ्या भल्याभल्यांना घाम फोडला. हे कोण लागून गेले!

चार वाजता हिला सांगितलं. ही म्हणजे बायको. सहा तासांवर, लेकीच्या गावातल्या शुश्रूषागृहात असते. आठवण सुटत चाललीये तिची. माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, प्रवास बंद. म्हणून रोज चारला स्क्रीनवर भेट. नुसत्या आवाजाने ती मला ओळखत नाही, चेहरा मोठा दिसला की ओळखते. पत्राचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही आधी दाढी करा."

६ मार्च
कंपनीला फोन. पाऊण तास तेच संगीत, मग एक मुलगी. "सर, दर बदलू शकतात, तसं करारातच आहे." मग मी करार सोडतो, म्हटलं. "उरलेल्या सोळा महिन्यांचे पैसे भरावे लागतील, सर." म्हणजे बदलायचं त्यांनी आणि बांधलेलं राहायचं मी.

लेक म्हणते, "बाबा, द्या ना सोडून. एवढ्याशासाठी कशाला डोकं पिकवता?" एवढ्याशाचा प्रश्नच नाही, हे तिला कसं सांगू. सांगून उपयोगही नाही म्हणा.

७ मार्च
आज हिने तीनदा विचारलं, जेवलात का. तीनदा हो म्हटलं.

११ मार्च
सापडलं! अकरावं पान, मुंगीएवढी अक्षरं. अट क्रमांक चौदा — मुदतीत दर वाढवल्यास, पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कळवून ग्राहक दंडाशिवाय करार सोडू शकतो. त्या मुलीने हे सांगितलं नाही. सांगू नको म्हणूनच तिला शिकवलं असेल, तिचा तरी काय दोष. लगेच पत्र लिहिलं, नोकरीत लिहायचो तसं, मुद्देसूद. शेवटी, 'सबब, करार तात्काळ संपुष्टात आणावा.' पोचपावतीने पाठवलं. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

१८ मार्च
उत्तर आलं. मान्य! दंड नाही. लेकीला फोनवर वाचून दाखवलं. "जिंकलात बाबा," म्हणाली.
दुपारी तीनला लाइन बंद.

१९ मार्च
'तात्काळ' — माझाच शब्द. बत्तीस वर्षं प्रत्येक नोटिशीच्या शेवटी हाच लिहिला, कुणी कधी ऐकला नाही. यांनी नेमका ऐकला. दुसरी कंपनी म्हणते, जोडायला दोन आठवडे. शेजारचा शिंपी म्हणाला, "काका, आधी नवीन घ्यायची, मग जुनी तोडायची." एवढी साधी गोष्ट. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती?

२१ मार्च
मोबाइलवर करून बघितलं. घरात आवाजापुरतीच रेंज, म्हणून काठी टेकत गच्चीच्या जिन्यात जाऊन बसलो. चित्र मधेच अडकलं, माझं तोंड अर्धवट उघडं. ही घाबरली, रडायलाच लागली. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "आता राहू दे काका. लाइन आली की करा."

मग नाक मुठीत धरून जुन्या कंपनीला विनवलं. "नवीन करार करावा लागेल, सर. तीन आठवडे."

२६ मार्च
लेक आज हिला भेटून आली. "शांत आहे आई," एवढंच म्हणाली. पुढचं मी विचारलं नाही. भीती वाटली. चार वाजले की काय करायचं तेच कळत नाही. नुसता खुर्चीत बसून राहतो.

३० मार्च
लाइन जोडणारा येणार होता. आला नाही.

२ एप्रिल
लाइन आली. चारला पाच मिनिटं असतानाच फोन लावला. ही समोरच बसलेली, केस नीट विंचरलेले. माझ्याकडे बघत राहिली, मग आदबीने म्हणाली, "आपण जरा नंतर करता का? चार वाजत आलेत. आमच्या ह्यांचा फोन यायचाय."
बरं म्हटलं. ठेवला.