बुटक्या स्टुलावरचं पाचारण

ता. ४ मार्च

ती. ताईस,
स. सलाम वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो आहे. फोनवर मी तुला बोलू देत नाही, हा तुझा आरोप मी प्रार्थनापूर्वक तपासून पाहिला. त्यात तथ्य आढळलं नाही.

बातमी अशी की परवा मी निवृत्त झालो. अडतीस वर्षं, तेच बुटांचं दुकान, तेच बुटकं स्टूल. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं, मालक दाराशी उभे आणि मी खाली, जगाच्या पायांशी. निरोपाच्या भाषणात मालक म्हणाले की माझ्या हातचा बूट घालून गेलेलं एकही माणूस लंगडत परत आलं नाही. टाळ्या पडल्या. मग त्यांनी मला चांदीचं पाणी चढवलेली बूट चढवायची पट्टी भेट दिली. आणि ते स्टूलही देऊन टाकलं, कारण नव्या मुलाला ते नको होतं. ताई, एवढं आयुष्य खर्चून माणसाच्या हाती शेवटी पट्टी यावी? मी ती मोज्यांच्या खणात तळाशी ठेवली आहे.

पण देवाने माझ्यासाठी काहीतरी मोठं राखून ठेवलं असणार, नाहीतर मला एवढा आवाज कशाला दिला असता? आमचे नवे पाळक वयाने माझ्या अर्ध्याने आहेत. गेल्या रविवारी त्यांनी आयुष्याच्या हेतूवर उपदेश केला. उपासना संपताच मी त्यांना गाठलं आणि सांगितलं, हेतू सापडला, फक्त व्यासपीठ तेवढं द्या. त्यांनी खिशातून डायरी काढली. मग म्हणाले, आधी सहा बुधवार वृद्धाश्रमात जाऊन उपासना चालवा, मग एका रविवारचा उपदेश तुमचा. तो रविवार एकोणीस एप्रिल. तू यायचंस आणि पहिल्या बाकावर बसायचंस. उरलेलं आयुष्य मी उभं राहून काढणार आहे. सौ. म्हणते, आधी खुर्चीतून तर उठा.

लोभ पूर्वीइतका ठेव. वाढवलास तर मी अडवणार नाही.
तुझा,
धाकटा

ता. ९ मार्च

चि. उपदेशकबुवांस,
अ. आ.

पत्र पोचलं. तुला पाचारण झालं हे वाचून आनंद झाला. लहानपणी जेवायला हाक मारली तरी तुला तीनदा बोलवावं लागायचं, तेव्हा देवालाही वेळ लागला यात नवल नाही.

तुझ्या आवाजाबद्दल म्हणशील, तर तो देवाने दिलेला नाही, आपल्या आत्याकडून आला आहे, आणि तिच्या आवाजाने काय काय झालं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही प्रयत्न कर. पाळक हुशार दिसतात. ज्याला उपदेश करायचा आहे त्याला आधी जिथून कुणी पळू शकत नाही अशा ठिकाणी पाठवलं.

माझं उत्तम चाललं आहे. तू पाठवलेले काळे बूट घालून दर रविवारी चालत देवळात जाते. पायपेटी वाजवणं मात्र सोडलं. तीस वर्षं मीच पाय मारत बसले, आता नव्या मुलीला संधी नको का? ती वाजवते चांगलं, फक्त मंडळी तिच्यापुढे दोन ओळी निघून जातात. आणि हो, मी एक नवी गंमत काढली आहे. खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडते, दूधवाला त्यात दूध-पाव ठेवतो, मी वर ओढून घेते. दुसऱ्या मजल्यावर राहायचा हा फायदा इतकी वर्षं माझ्या लक्षातच आला नव्हता.

एकोणीस तारखेचं नक्की सांगत नाही. त्या सुमारास मांजरीची बाळंतपणाची वेळ आहे.

आहेस तसाच माझा लाडका राहा, उंचीवर चढलास तरी.
ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस,
स. सलाम वि. वि.

तुझ्याकडे मांजर कधीपासून आहे?

काल पहिला बुधवार झाला. मी सत्तेचाळीस मिनिटं बोललो. अकरा माणसं होती. सात झोपली. दोघीजणी हात धरून बाहेर गेल्या त्या आल्याच नाहीत. एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत कानातलं यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात घातलं. शेवटी यंत्र परत लावून ते म्हणाले की आमच्या वेळी एवढं जड टपाल आम्ही परत पाठवत असू.

खरी अडचण वेगळीच झाली. लोक झोपलेले बघवेनात म्हणून मी नजर खाली वळवली, आणि तिथेच फसलो. बावीस पाय, ताई! आणि एकाही पायात धड काही नाही. संस्थेने सगळ्यांना एकाच मापाच्या सपाता आणल्या आहेत. कुणाची टाच बाहेर, कुणाची बोटं आत हरवलेली. पोस्टमास्तरांनी तर डावी उजव्यात घातलेली. मी चिरंतन जीवनाबद्दल बोलत होतो आणि डोक्यात एकच: हिला सहा नंबर, ह्यांना नऊ, रुंद पंज्याचा. सैतान माणसाच्या कमजोर जागी घाव घालतो म्हणतात. माझ्यासाठी तो सपाता घालून आला.

माझ्यासाठी प्रार्थना कर, की मला वर बघता यावं.
तुझा,
धाकटा

ता. १७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

मांजर शेजारणीची आहे. बाळंतपण माझ्याकडे.

सत्तेचाळीस मिनिटं? अरे, त्या म्हाताऱ्या जिवांकडे मोजकाच वेळ उरलाय, त्यातला तू एवढा घेतलास! पोस्टमास्तरांना माझा सलाम सांग.

एक विचारू? ज्या प्रभूविषयी तू बोलतोस, त्याच्याकडे शेवटच्या संध्याकाळी शिष्यांना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तरी जेवणावरून उठून तो घमेलं आणि टॉवेल घेऊन एकेकाच्या पायाशी बसला. त्याला कमीपणा वाटला नाही. आणि त्याला कुणी चांदीची पट्टीसुद्धा दिली नव्हती. तुला वर बघता यावं म्हणून मी मुळीच प्रार्थना करणार नाही.

सोबत माझ्या जुन्या बुटांचं गाठोडं पाठवते आहे, चार जोड. काळेही त्यात घातलेत, चालून चालून मऊ झालेत. तुझ्या आजीबायांपैकी कुणाला होतील ते बघ. मला आता इतके लागत नाहीत.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
ताई

ता. २६ मार्च

ती. ताईस,
स. सलाम वि. वि.

गाठोडं पोचलं. अजून सोडलं नाही, कारण मी रविवारचा उपदेश लिहितो आहे. विषय: सेवा. बत्तीस पानं झाली.

काल मात्र माझी अब्रू गेली. तिसरा बुधवार. मी हात वर करून प्रार्थना करत होतो आणि डोळे मिटलेले असूनही मला पोस्टमास्तरांचा उजवा पाय दिसत होता. प्रार्थना अर्धवट टाकून मी खाली उतरलो, सपात काढली. आत वर्तमानपत्राचा बोळा, तोही गेल्या वर्षीचा. अंगठ्याला घट्टा. मी घरी धावलो. खणातून पट्टी काढली, माळ्यावरून स्टूल काढलं, आणि परत येऊन सगळ्यांची मापं घेतली. कुणी झोपलं नाही. बाहेर गेलेल्या दोघी परत आल्या आणि रांगेत घुसल्या म्हणून भांडणही झालं. एक आजी म्हणाल्या की चार वर्षांत त्यांच्या पायाला डॉक्टरशिवाय कुणी हात लावला नव्हता, आणि डॉक्टरनेही मोजे घातले होते, हातात.

मग आठवलं, प्रार्थना संपवायची राहिली आहे. मी तसाच स्टुलावर बसून डोळे मिटले, चार शब्द बोललो, आणि शेवटी 'आमेन' म्हणायच्या जागी तोंडातून निघालं, आणखी काही दाखवू का?

अडतीस वर्षांची सवय, ताई! पोस्टमास्तर असे हसले की मेट्रनबाई पाण्याचा पेला घेऊन धावत आल्या. अख्खी खोली हसत होती. देवाच्या दारात मी दुकान मांडलं. पाळकांच्या कानावर गेलंच, पण त्यांनी रविवार काढून घेतला नाही. त्या दिवशी मी दाखवून देईन की मी नुसता बूटवाला नाही. तू मात्र ये. मला समोर एक तरी माणूस जागं हवं.

हसून झालं की आठवण ठेव.
तुझा,
धाकटा

ता. ३१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

हसून झालेलं नाही, तरी लिहिते. त्या प्रार्थनेचा शेवट देवाला आवडला असणार. त्याला लोक नेहमी मागणं सांगतात, काही हवंय का असं कोण विचारतं?

तू बूटवाला आहेस याची तुला एवढी लाज का, हे मला साठी उलटली तरी कळलं नाही. आपल्या आईचे पाय सुजले तेव्हा कापडी बूट उसवून, पट्ट्या लावून तूच तिला चालतं केलंस. मी तेव्हा तिला गाणी म्हणून दाखवत होते. गाण्यांनी ती संडासापर्यंत पोचली नसती.

एकोणिसाव्या तारखेचं जमत नाही रे. इथे पाहुणे येणार आहेत आणि त्याच दिवशी जिन्याला रंगही देणार आहेत. तू छान बोल. मी इथून जागी राहीन.

राग नसावा, आणि असल्यास पत्रात दिसू नये.
ताई

ता. १६ एप्रिल

ती. ताईस,
स. सलाम.

काल शेवटचा बुधवार होता म्हणून सकाळी तुझं गाठोडं सोडलं. तीन आठवडे ते कपाटावर पडून होतं आणि खाली बसून मी सेवेवर पानं भरत होतो.

काळे बूट चालून चालून मऊ झालेत म्हणालीस. दुकानातून पाठवताना मी तळाला खडूने नंबर घातला होता. तो अजून तसाच आहे. खडू, ताई! रस्त्यावर दहा पावलं टाकली तरी जातो. तू ते घालून देवळात काय, जिन्यातही गेलेली नाहीस.

मग तपकिरी जोड बघितला. उजवी टाच झिजून खिळ्यापर्यंत आलेली, डावी टाच नव्यासारखी, आणि डाव्याची चोच खरवडलेली. तू डावा पाय ओढत चालतेस, सगळा भार उजव्यावर टाकतेस, आणि तळाला मातीचा कण नाही, म्हणजे तेही घरातल्या घरात. म्हणून पायपेटी नव्या मुलीला, म्हणून टोपलीची गंमत, म्हणून मांजर, पाहुणे आणि रंग. अडतीस वर्षं लोक माझ्याशी तोंडाने खोटं बोलले, मला सातच नंबर लागतो म्हणाले. बूट काढल्यावर सगळं कळायचं. तू माझी बहीण असून हे विसरलीस?

पाळकांकडे जाऊन रविवार जमणार नाही म्हणून सांगितलं. बत्तीस पानं त्यांना दाखवली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मोठी कृतज्ञता पसरली. ती प्रभूविषयीच होती असं मी धरून चालतो.

शनिवारी पहिल्या बसने येतो आहे. स्टूल, पट्टी आणि तुझे बूट आणतो. सौ.ने बस लांबची आहे म्हणून पोळ्या दिल्या आहेत आणि ओरडायचं नाही अशी शपथ घातली आहे. उत्तर लिहू नकोस, लिहिशील ते खोटंच असेल.

धाकटा

ता. २७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

सुखरूप पोचल्याचं तुझ्या बायकोने कळवलं. तू गेल्यापासून घर फार शांत आहे. याला मी तक्रारही म्हणत नाही आणि आनंदही.

समोर तू होतास तेव्हा बोलता आलं नाही, ते आता लिहिते. हिवाळ्यात जिन्यावरून पडले. घोट्याचं हाड वाकडं जुळलं. कुणाला सांगितलं नाही, आणि तुझे बुधवार सुरू झाल्यावर तर मुळीच नाही, कारण सांगितलं असतं तर तू मला तुझ्या त्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं असतंस, आणि दर बुधवारी सत्तेचाळीस मिनिटं! पण खरं सांगू? मला वाटायचं, मी वाजवायला जाते म्हणून लोक माझी वाट बघतात. पाय गेला, वाजवणं गेलं, मग देवाला तरी आता माझं काय काम? बत्तीस पानं लिहून तू जे शोधत होतास, ते माझ्याकडून खिडकीत बसल्याबसल्या हरवलं होतं.

आणि मग तू आलास, शपथ मोडून दोन मिनिटं ओरडलास, आणि स्वयंपाकघरातलं घमेलं घेऊन कोमट पाणी केलंस. चार महिने त्या पायाकडे मीसुद्धा बघितलं नव्हतं. तू मांडीवर घेतलास, धुतलास, पुसलास, बोटाने मापलास. डावा बोटभर कमी भरतोय म्हणालास, बस्स, जसं काही माणसं अशीच असतात. डाव्या काळ्या बुटाच्या तळाला बुचाचा थर चिकटवेपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. तुझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा उपदेश तोच, आणि ऐकायला मी एकटी. बोचतंय का कुठे, असं तू विचारलंस तेव्हा मी नुसती मान हलवली. तुझ्या डोक्यावर टक्कल पडलंय, तेवढं मात्र वरून स्पष्ट दिसलं.

काल अठ्ठावीस पायऱ्या उतरून देवळात गेले. खडू गेला. नव्या मुलीने जागा दिली, मी एक गीत वाजवलं. डावा पाय मागे पडत होता, तेव्हा मंडळी या वेळी तीन ओळी पुढे निघून गेली, पण शेवटी थांबून त्यांनी माझी वाट बघितली.

तुझी बत्तीस पानं टेबलावरच राहिली. वाचली. प्रभूला शिष्यांच्या पायाशी बसवायला तू चार पानं घेतली आहेस. स्वतः बसायला तुला एवढा वेळ लागला नाही. पहिली अकरा पानं तपकिरी बुटांत कोंबली आहेत, आकार राहावा म्हणून. उरलेली लागतील तशी वापरेन. पोस्टमास्तरांना दुसऱ्या पायासाठी हवी असतील तर कळव.

एकच राहिलं. पट्टीने बूट चढवून, नाडी बांधून तू टाचेवर थाप मारलीस आणि मान वर न करता, सवयीने विचारलंस, आणखी काही दाखवू का?

तुला ऐकू गेलं नसेल, कारण मी डोळे पुसत होते. मी म्हटलं होतं, आमेन.

तुझीच,
ताई