इंजिनाला सोमवारचं पाणी

सोलापूर, मार्गशीर्ष

तीर्थस्वरूप गुरप्पामामांच्या पायांवर भाचा सिद्रामप्पा याचं डोकं.

तुमचे गुडघे दुधनीच्या थंडीत बरे असावेत. मामींना नमस्कार, आणि म्हशीवरही माझा राग नाही (मागच्या खेपेला तिनं मला ढुशी मारली असली तरी). इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. आपली पिठाची गिरणी चालू आहे, इंजिन ठणठणीत आहे, फक्त तुमची बहीण, म्हणजे आमची अव्वा, गिरणीत पाऊल टाकत नाही. त्याला कारण मी आहे.

आप्पांनी हे तेलाचं इंजिन जुनंच आणलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आप्पा गेल्यापासून अव्वा दर सोमवारी आंघोळ करून गिरणीत यायची, इंजिनाच्या डोक्यावर तांब्याभर पाणी घालायची, भस्माचे पट्टे ओढायची आणि बेल वाहायची. घराला खायला घालणारा तो देवच, असं तिचं म्हणणं. मीही हात जोडायचो (इंजिन बंद असल्यानं तेवढाच विसावा). गेल्या महिन्यात डोक्याखालून धूर निघू लागला, म्हणजे डोकं उतरवणं आलं. ते धडाला जे स्टड, म्हणजे आट्यांचे लोखंडी दांडे, आवळून धरतात, त्यांचे नट काही केल्या फिरेनात. शेजारच्या धोंडीरामाला बोलावलं. तो कापडगिरणीत फिटर आहे, निदान त्याचा डबा तरी रोज तिथे जातो. अवघड जागी दुखणं आणि धोंडीराम वैद्य.

त्यानं रॉकेल सोडून थांबायला सांगितलं. थांबणं मला जमत असतं तर मी पिठाची गिरणी कशाला चालवली असती? मी पान्याला लांब नळी लावली आणि लोंबकळलो. करकर आवाज झाला, मी हसलो, कारण मला वाटलं, सुटला. सुटला नव्हता, मोडला होता. असं करायचं नसतं, हे दाखवताना धोंडीरामानं दुसरा मोडला. डोकं निघालं, पण दोन्ही स्टडची बुडं धडात तशीच रुतून बसली. मग त्यांत भोक पाडून चौकोनी पोलादी खुंटी ठोकली, ती पिळली, तर खुंटीच आत मोडली. आता एकाच बिळात दोन मुडदे झाले. मी वाकून पाहिलं तर आट्यांत गंज, आणि गंजात पांढरं भस्म. कधी चालू होणार म्हणून विचारायला आलेल्या बायका दारात उभ्या होत्या, आणि तो नेमका सोमवार. अव्वा तांब्या घेऊन आली, आणि मी सगळ्यांदेखत बोलून गेलो, "अव्वा, तुझ्याच पाण्यानं कुजलं की ह्ये."

उतरवून ठेवलेल्या डोक्यावरचं भस्म तिनं पदरानं पुसलं आणि भरला तांब्या तसाच घेऊन घरी गेली. त्या बायकांनीही माझ्याकडे पाहणं सोडलं.

बुडं शेवटी निघाली. लोहाराकडचे निखारे आणून धड तापवलं, रॉकेल पाजलं, आणि थोडं पुढं थोडं मागं करत, शिव्या न देता, काढली. लोखंडाला दाखवली त्याच्या निम्मी सबुरी अव्वाला दाखवली असती, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. नवे स्टड बसले, इंजिन पहिल्या हिसक्याला लागलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी ती निवडलेले जोंधळे पुन्हा निवडते. मला सिद्दू म्हणायची. आता "सिद्रामप्पा, जेवून घ्या" म्हणते. मामा, आईनं 'घ्या' म्हटल्यावर घास उतरत नाही.

आपला अपराधी भाचा,
सिद्रामप्पा

ता. क. खरं काम असं : तुम्ही या आणि पाणी लोखंडाला मानवतं असं तिला सांगा. तुमच्या तोंडून खोटंही पुराणातलं वाटतं. स्टड पुन्हा कुजले तर कुजू देत, मी काढीन.

आणखी एक ता. क. पत्र टाकायला निघालो तर अव्वानं कुणाला लिहिलं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, खोट्याचं सुद्धा. जोंधळ्यांतून बोटं फिरवत ती म्हणाली, "आदी सांगायचं हुतं तुमी. मी पानी त्येच्या पायाशी वतलं असतं की." तेव्हा मामा, खोटं बोलायला येऊ नका. पण या. तो 'तुमी' अजून तसाच आहे.