भुईफाड्या, पूल आणि मागची खोली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलाने दोनदा विषय काढला, पण त्याला मी दबाव म्हणत नाही, काळजी म्हणते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर मी व माझे दिवंगत पती यांनी स्वकमाईतून घेतले. ती कमाई कशाची, हे घर ज्याला मिळेल त्याला ठाऊक असावे.

आम्ही ज्या कंपनीत कामाला होतो तिथे राक्षसांचे सिनेमे निघत. डोंगराएवढा प्राणी समुद्रातून वर यायचा, शहर तुडवायचा आणि आपण होऊन परत समुद्रात जायचा, कारण त्याला मारण्याचे दृश्य घ्यायला पैसे उरलेले नसायचे. यजमान पुठ्ठ्याची आणि प्लास्टरची शहरे उभारत, म्हणून सगळे त्यांना नगराध्यक्ष म्हणत. मी कपडेपटात होते. भुईफाड्या नावाच्या राक्षसाचे अंग मी फोम, रबर आणि जुन्या गाद्यांच्या खोळींतून शिवले. आत कंपनीतला पैलवान शिरणार होता. पण पैलवान एवढा उंच, की त्याच्या हिशेबाने शहरही मोठे करावे लागले असते. निर्मात्याने माझ्याकडे पाहिले. मी पैलवानाच्या खांद्यालाही पोचत नव्हते.

"आतला माणूस लहान असला की शहरही लहान चालेल," तो म्हणाला. "प्लायवूड निम्मं वाचेल. बाई, तुम्हीच शिरा."

अशी मी राक्षस झाले. पैलवानाला दुसरा प्राणी मिळाला, पंखवाला. एवढ्या जड माणसाला तारांवर टांगायचे आणि मला चालवायचे, असा आमच्याकडचा कारभार.

कलम २. कपाटावर ठेवलेला पुठ्ठ्याचा पूल. हा मुलाने सांभाळावा.

तो मी तुडवायचा होता. यजमानांनी त्यावर दिव्याचे खांबसुद्धा लावले होते, टाचणीएवढे. राक्षसाच्या घशातल्या जाळीतून मला बाहेरचे दिसायचे. कॅमेरा सुरू झाला, मी पाय उचलला, आणि जाळीतून मला कॅमेऱ्यामागे उभा असलेला हा माणूस दिसला. हात पाठीमागे घट्ट धरून उभा होता. माझा पाय पडेना. तेवढ्यात शेपटीचा धक्का लागून पूल आडवा झाला. मी वाकले, पूल उचलला आणि जागेवर नीट बसवला. मग शहराचा नाश पुढे सुरू केला.

कॅमेऱ्यातली फिल्म संपत आली होती, म्हणून दृश्य तसेच ठेवले. त्या संध्याकाळी यजमान पोशाखाची झिप उघडायला आले आणि म्हणाले, "तुम्ही पूल मोडला नाहीत."

मी म्हटले, "सरळ तरी बसलाय का?"

"थोडा डावीकडे झुकलाय. राहू दे तसाच."

आमचे लग्न ठरले ते असे. ज्यांना आणखी काही बोलणी झाली असतील असे वाटते, त्यांनी तसे समजावे.

कलम ३. दिग्दर्शकांस काहीही देऊ नये. त्यांनी मुलाखतीत सांगितले, की पूल उचलून ठेवणे ही त्यांची कल्पना, 'राक्षसाच्या अंतःकरणातली करुणा'. त्या वेळी ते झोपले होते. माझा राग जुना आहे आणि तो मी कोणालाही वारसा म्हणून देत नाही. माझ्याबरोबर संपू दे.

कलम ४. शिवणयंत्र, कात्र्या व भुईफाड्याचे डोके माझ्या मुलीस. बाकीचे अंग झडून गेले. शाळेत तो सिनेमा दाखवला तेव्हा ती घरी येऊन म्हणाली, "आई, राक्षसाच्या पाठीवर झिप दिसत होती. सगळे हसले."

"मग तू काय केलंस?"

"मी सांगितलं, ती माझ्या आईनं लावलीय. सरळ लागलीय बघा."

डोक्याला वास येतो. तिने ते बाल्कनीत ठेवले तरी चालेल.

कलम ५. बँकेतली शिल्लक दोघा मुलांत समान.

कलम ६. घर मुलास, एका अटीवर. मागची खोली पैलवानास तहहयात राहायला असावी. ती भाड्याने देऊ नये, व त्याला 'सोय पाहा' असे कोणी म्हणू नये.

पुढच्या सिनेमात मी जळत्या बाजारातून चालत होते. शेपटीने पेट घेतला. मला आत कळले तेव्हा धूर नाकात गेला होता. मी हात झाडू लागले, आणि बाहेर सगळे टाळ्या वाजवू लागले, की बाई काय काम करतायत. झिप वितळून बसली होती. पैलवान अर्धा पंखवाल्यात होता, एक पंख लावलेला. तो तसाच धावत आला आणि त्याने पाठीची शिवण नुसत्या हातांनी फाडली. शिवण दुहेरी होती, मीच घातलेली. मी बाहेर आले. त्याची भाजलेली बोटे मात्र त्या दिवसापासून मिटली ती पुरती उघडलीच नाहीत. ना कुस्ती राहिली, ना सिनेमा. यजमानांनी त्याला घरी आणले आणि तो राहिला.

मागच्या महिन्यात मुलगा म्हणाला, "आई, काकांचे उपकार मला मान्य आहेत. पण इतकी वर्षं आपण सांभाळलं. अजून किती? माझ्याही घरात खर्च आहेत."

तो वाईट नाही. विमा कंपनीत आहे, त्याला नुकसानीचा शेवट कुठे होतो ते पाहायची सवय आहे.

मी त्याला म्हटले, "तुला सायकल कोणी शिकवली?"

"काकांनी."

"सीट कशी धरली होती?"

तो म्हणाला, "मनगटांनी."

"मग त्यांना उपकारवाले म्हणू नकोस. ते घरातले आहेत."

पैलवानाला हे कलम वाचून दाखवले. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या आधी मीच जाईन. कशाला कागद खराब करता?" मी म्हटले, तसे झाले तर कागद फाडू. लाभ मिळणाऱ्याची साक्ष चालत नाही, म्हणून त्याने फक्त साक्षीदारांना खुर्च्या आणून दिल्या.

कलम ७. माझ्या पश्चात शोकसभा ठेवू नये. कोपऱ्यावरच्या थिएटरात भुईफाड्याचा सिनेमा लावावा. मागे एकदा तिथे लावला होता, तेव्हा पूल उचलण्याच्या जागी लोक आधी खो खो हसले आणि मग उभे राहून टाळ्या वाजवू लागले. माझ्या नातलगांनी तिथे तोंड पाडून बसू नये. हसू आले तर मोकळेपणी हसावे. त्या रबरात आम्ही घामाने भिजून निघालो, ते त्यासाठीच.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी.

वरील मजकूर मी वाचला. तो माझाच आहे.

सही: लिहून देणार
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च

आमच्यादेखत सही केली:
साक्षीदार १: कुटुंबाचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: शेजारचे चष्मेवाले (सही)

ता.क., मुलाच्या अक्षरात, लिहून देणाऱ्यांच्या संमतीने: कलम ६ मला मान्य आहे. काकांच्या खोलीच्या दाराला आतून कडी नाही, हे आज माझ्या लक्षात आले. त्यांच्या बोटांना ओढता येईल अशी मोठी कडी मी रविवारी बसवतो.