विहीर चढवणारा खड्डा

३ फेब्रुवारी
आजूबाजूच्या बिल्डिंगांनी बोअर मारल्यापासून आमची शिरगावची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. विहिरीशेजारी शोषखड्डा खणला, दगड-विटा भरल्या. पावसाचं पाणी खड्ड्यात, खड्ड्यातून विहिरीत. आयडिया मोबाइलवरची, सुधारणा माझ्या.

५ फेब्रुवारी
बायको तुळशी म्हणाली, अर्ध्याच शेतात भेंडी लावा, पाणी पुरायचं नाही. ऐकलं. घरात शांतता हवी.

११ फेब्रुवारी, सकाळी ६
विहीर तीन हात चढली! पावसाचा थेंब नाही तरी खड्डा चालू. शिकलेल्या लोकांना हे कळणार नाही.

१२ फेब्रुवारी
पाण्याला नळाच्या पाण्यासारखा औषधाचा वास येतो, तुळशीची तक्रार. म्हणजे शुद्धीकरण पण होतंय. हा फायदा मी धरलाच नव्हता.

१३ फेब्रुवारी
उरलेल्या अर्ध्यातही भेंडी. तुळशीने विचारलं, पाणी गेलं तर? मी नुसता हसलो.

१ मार्च
नाव झालं. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी विनीतसाहेब स्वतः घरी. त्यांची जमिनीखालची टाकी रात्री भरली की सकाळी अर्धी. तीन आठवडे झाले, कोणाला कळत नाही. उद्या बघतो म्हटलं.
ते गेल्यावर तुळशी म्हणाली, जाऊ नका. का? तर म्हणे टाकी कुठे आहे ते आधी बघा. बघितलं. आपल्या कुंपणाला लागूनच. म्हणजे चालायलाही लांब नाही.

२ मार्च, रविवार
टाकी रिकामी करून आत उतरलो. पंधरा मिनिटांत फट सापडली. आपल्या विहिरीकडच्या भिंतीला, हात जाईल एवढी. त्यांच्या प्लंबरला दोनदा उतरून दिसली नव्हती. शाल, नारळ, टाळ्या. भाषणात शोषखड्ड्याची माहिती दिली.

६ मार्च
टाकीची भिंत पक्की झाली, साहेबांचा मेसेज. आपली विहीर एक हात उतरली. खड्ड्यात गाळ बसला असणार.

९ मार्च
खड्डा पूर्ण उपसला. गाळ नाही. दगड कोरडे ठणठणीत. विहीर आणखी उतरली. दगडाची क्वालिटी बघायला हवी.

१५ मार्च
भेंडीला फुलं आली आणि पानांनी माना टाकल्या. विहिरीत तळाला डबकं. तुळशी हंड्याने घालते, दोन ओळींना पुरतं. बाकीच्या ओळींकडे मी बघत नाही.

२१ मार्च
तुळशी सकाळपासून भेंडी उपटत होती. मी बांधावर उभा. तेवढ्यात विनीतसाहेबांचा फोन. टाकी काठोकाठ आहे, एक थेंब जात नाही, अख्खी बिल्डिंग आभार मानते.
तुळशीने विचारलं, कोण होतं. राँग नंबर, म्हणालो. तिने पुढचं रोप उपटलं. फार लाज वाटली. मग तिच्या बाजूला बसून मीही उपटायला लागलो.