हात ठेवलेल्या मिरीचा तोटा

प्रति,
मा. शहाबंदर साहेब,
बंदर कचेरी, पुतुकडव, मलबार.

विषय : वादळात समुद्रात टाकलेल्या माझ्या मिरीचा तोटा सगळ्या व्यापाऱ्यांत वाटला जावा, याबद्दल.
संदर्भ : आपल्या कारकुनाने दिलेला निकाल, जो ऐकून कचेरीबाहेरचे हमालसुद्धा हसले.

महोदय,

मी बीरान, मिरीचा व्यापारी, राहणार मशिदीमागची गल्ली. अर्ज लिहून देणाऱ्याने माझ्या शिव्या गाळल्या आहेत. त्या समक्ष भेटीत सांगेन.

१) मागल्या मोसमात अरबस्तानात मोख्याला जाताना आमच्या जहाजाला अवेळी वादळाने गाठलं. पाणी आत यायला लागलं. वजन उतरवल्याशिवाय सुटका नव्हती. नाखवा मम्मालीने रिवाजाप्रमाणे सगळ्या व्यापाऱ्यांना वर बोलावलं. रिवाज आपल्याला ठाऊक आहे. जो माल टाकायचा, त्याच्या पहिल्या गोणीवर प्रत्येक व्यापाऱ्याने हात ठेवायचा. एकाचाही हात कमी असला तर नाखवा गोणी उचलत नाही. सगळ्यांचे हात पडले की तो माल एकट्याचा राहत नाही. तोटा सगळ्यांचा.

२) माझी मिरी वरच्या थरात, म्हणून पाळी माझ्यावर आली. मी कुरकुर केली नाही. "टाका रे, जगलो तर मिरी पुन्हा पिकेल," असं मीच म्हणालो. वेलदोड्याचे व्यापारी आवरान कोया खाली ओकत पडले होते, उठवत नव्हतं. त्यांनी नोकराबरोबर डोक्याचं मुंडासं पाठवलं. निरोप असा : "हाच माझा हात समजा, पण लवकर आटपा!" मुंडासं गोणीवर ठेवलं आणि माझा सगळा माल गेला. जहाज तरलं. कोयांचा एक वेलदोडा भिजला नाही.

३) मोख्याला पोचेपर्यंत "बीरानभाई, तुमच्यामुळे वाचलो" म्हणत कोया रोज माझ्या गळ्यात पडत होते. परत आल्यावर मी वाटणी मागितली, तर म्हणतात, "मुंडासं म्हणजे हात होय रे, बीरान? त्याची बोटं दाखव बघू." आपल्या कारकुनाने मुंडासं मागवलं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि बोटं खरंच नाहीत असा निकाल दिला!

४) हे बघून बाकीच्यांनाही कंठ फुटला. सुंठवाला मोइदू मला म्हणतो, "काका, जहाज डोलत होतं, मी आधाराला गोणी धरली." दुसरा म्हणतो, हात माझाच, पण डावा होता. तिसऱ्याचा थंडीने बधिर झाला होता, कुठे पडला ते त्याला कळलंच नाही. कारकुनाने सगळं मान्य केलं. म्हणजे साहेब, भर वादळात माझी मिरी मी एकट्याने, हौसेने माशांना चारली.

५) ती माझी सगळी पुंजी होती. आता वखारीत उंदीरही फिरकत नाहीत. बायको म्हणते, "चला, समुद्राचं कालवण तरी झणझणीत झालं असेल." हसते आणि मग पदरात तोंड घालते.

६) तरी गोणीवरचा हात खरा धरायचा की खोटा, हे आपण स्वतः सांगावं. खोटा असेल तर बंदरावर तशी दवंडी पिटा. म्हणजे पुढच्या वादळात जो तो आपल्या गोणीला मिठी मारून बसेल आणि सगळे गुण्यागोविंदाने बुडतील.

७) तेच जहाज या पौर्णिमेनंतर सुटतंय. कोयांचा वेलदोडा चढलाय, कोया स्वतः निघालेत. मीही निघालोय, मिरीची एक गोणी उसनी आणून चढवली आहे. एकच. पण नाखव्याने मला व्यापाऱ्यांत धरलंय, म्हणजे काही टाकायची वेळ आली तर माझाही हात लागणार. निकाल हाच राहिला तर तो हात मी ठेवणार नाही. कोयांनी पाय धरले तरी नाही. मला पोहता येत नाही. कोयांनाही येत नाही.

नांगर उचलायच्या आत काय तो न्याय करावा.

अजून तरी आपला नम्र,
बीरान, मिरीवाला
५ शाबान, हिजरी १०१२